मोठ्या शब्दांची तार

१ मार्च १९३६, रविवार. हिंगोली.
आजपासून रोजनिशी लिहिणार. माझी प्रगती कुठेतरी नोंदलेली असावी. नंतर आठवत बसायला वेळ मिळणार नाही.
आज डिक्शनरी हाती आली. आमच्या कापसाच्या जिनिंगमधला म्हातारा फिटर नोकरी सोडून गेला, त्याच्या खोलीत भंगारात पडली होती. पुढची पानं वाळवीनं खाल्ली आहेत, मागची कुणीतरी फुटाणे बांधायला नेली. सी पासून पी पर्यंत शाबूत आहे. एवढी पुष्कळ झाली. शहाणा माणूस सी ते पी मध्ये सगळं बोलू शकतो.
निश्चय: रोज एक शब्द पाठ. दहा अक्षरांच्या आतल्या शब्दाला हात लावायचा नाही. लहान शब्द कुणालाही येतात.

३ मार्च, मंगळवार.
शब्द: इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी. एकोणीस अक्षरं. तीनदा मोजली, एकोणीसच भरली. अर्थ डिक्शनरीत इंग्रजीतच दिला आहे, ही मोठी तकलीफ. त्या अर्थातला मुख्य शब्द यू मध्ये निघाला, आणि यू फुटाण्यांबरोबर गेला. तूर्त स्पेलिंग पाठ केलं. अर्थ मागून येईल.
झोप नीट लागली नाही. एन एकदा की दोनदा, या विचारानं उठून पुन्हा पाहिलं. दोनदाच. पण सलग नाही.

८ मार्च, रविवार.
पाच शब्द झाले. (दोन दिवस डोकं दुखत होतं, ते धरायचे नाहीत.)
मी प्रेसमध्ये रुईच्या गठाणींवर इंग्रजी मार्का रंगवतो. उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेलो, इंग्रजीचं पहिलं पुस्तक अर्धं झालं, मग वडील गेले आणि मामांनी इथे चिकटवलं. पण आजवर एकाही गठाणीवर माझं अक्षर चुकलेलं नाही. हे प्रेसमध्ये सर्वांना माहीत आहे. मी सांगितलं आहे.
सोबतचा दगडोबा गठाणी रचतो. आज सगळ्यांपुढे म्हणाला, "मुंजाजी, भूक लागली याला इंग्रजीत काय म्हंतेत?" मी सांगितलं, तो फार लहान शब्द आहे, मी घेतलेला नाही. तो म्हणाला, "मग साहेबाच्या घरी उपाशी मरशील." अडाणी माणसाशी वाद नको. मी त्याला 'मॅग्निफिसन्टली' म्हणालो आणि निघून आलो.

१५ मार्च, रविवार.
मोठी घटना. वसमतेकडचे सोनाजी म्हणून हळदीचे मोठे शेतकरी घरी आले. संतराममामांनी माझं स्थळ त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांना इंग्रजी जाणणारा जावई हवा आहे. कारण असं की, हळदीची पोती रेल्वेत चढवताना मालधक्क्यावरचा बाबू त्यांना इंग्रजीत काहीबाही बोलतो. सोनाजी म्हणाले, "शिवी देऊन राहिला का आशीर्वाद, काही मालूम पडत न्हाई. मान हलवावी का चप्पल काढावी? घरचं मानूस पायजे संगं."
मी म्हणालो, ते काम माझ्यावर सोडा. त्यांनी नमुना मागितला. मी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवून 'पर्पेन्डिक्युलर' म्हणालो. मग त्यांच्या फेट्याकडे पाहून 'कॉन्स्पिक्युअस'. सोनाजींनी फेट्याला हात लावून पाहिला. नंतर मामांना म्हणाले, "आवाज बघा शब्दाला! गाडी पुलावरून गेल्यावानी."
त्यांची मुलगी सिंधू. वीस वर्षांची झाली. इंग्रजीवाला मिळेना म्हणून घरात ठेवली, लोक नावं ठेवून राहिले आहेत. आणखी एक अडचण त्यांनी मोकळेपणानं सांगितली. त्यांची बहीण सत्यभामाबाई हिचा मुलगा मल्हारी. मेंढरं राखतो, थोडी शेती आहे. आतेभावाचा पहिला हक्क, म्हणून बहीण रुसून बसली आहे.
मल्हारीला इंग्रजी येतं का, असं मी विचारलं. सोनाजी म्हणाले, "मेंढरांशी बोलतो. त्यांना समजतं तेवढं."
स्पर्धा नाहीच म्हणायची.

२९ मार्च, रविवार.
मुलगी पाहायला वसमतेला गेलो, तिथून दोन कोस बैलगाडीनं सोनाजींच्या गावी. हळकुंडं अजून अंगणात वाळत होती, सगळ्या घराला तोच वास.
सिंधूनं पाणी आणून दिलं. मी तिला इंग्रजीत 'एक्स्ट्रॉर्डिनरी हॉस्पिटॅलिटी' असं म्हणालो. ती दोन पावलं मागे सरली. थक्क झाली असावी. आत जाताना सत्यभामाबाईंना विचारत होती, "आत्या, हे मराठी बोलतेत का?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "बोलत असतील, पन परवडत नसंल."
घरात विनोदी स्वभाव आहे. चांगलं लक्षण.
मल्हारीही होता. गोठ्यापाशी एका कोकराच्या पायातला काटा काढत बसला होता. मला राम राम केला. मी 'कॉम्प्लिमेंट्स' म्हणालो. तो म्हणाला, "बरं."
सुपारी फुटली! लग्न ११ मे, सोमवार, गोरज मुहूर्त. ही सुपारी शब्दांनी फोडली असं मी मामांना म्हणालो. मामा म्हणाले, "सुपारी अडकित्त्यानं फोडली. आता गप झोप."

२ एप्रिल, गुरुवार.
झोप नाही. सिंधू पाठमोरी जाताना वळली होती की नाही, हे आठवत नाही. वळली असावी.
निश्चय: लग्नापर्यंत रोज दोन शब्द.

१४ एप्रिल, मंगळवार.
निश्चयात थोडी सुधारणा. दोन दिवसांत एक शब्द, पण पक्का.

१७ एप्रिल, शुक्रवार.
आज अन्याय झाला. दुपारी रुईच्या ढिगातून धूर निघताना मी सर्वांच्या आधी पाहिला. ताबडतोब 'कॉन्फ्लॅग्रेशन!' असं ओरडलो. दोनदा. स्पष्ट उच्चारात. कामगार माझ्याकडे पाहून हसले आणि काम करत राहिले. बायकांपैकी एकीनं तर हात जोडले. मग दगडोबानं 'आग!' अशी बोंब ठोकली आणि सगळे बादल्या घेऊन धावले. ढीग अर्धा वाचला.
मॅनेजरनं दगडोबाची पाठ थोपटली. मला म्हणाला, आधी पाहिलंस तर बोलला काहून नाहीस? मी म्हणालो, बोललो. त्यानं विचारलं, काय बोललास? मी सांगितलं. त्यानं मला आठ दिवस बाहेर तराजूवर बसवलं, उन्हात.
आगीची योग्य इंग्रजी संज्ञा ज्यांना माहीत नाही त्यांनी रुई जवळ बाळगू नये.

२६ एप्रिल, रविवार.
शिंप्याकडे कोट टाकला. बटणं चार की पाच, यावर रात्रभर विचार केला. पाच.
सिंधूला निरोप पाठवावा असं वाटतं. काय पाठवावं हे ठरत नाही. मनात साधं असं येतं की, तुमची आठवण येते. पण हे कुणीही म्हणेल. यासाठी 'एम' मध्ये 'मेलन्कोलिक' आहे, ते जवळपास बसतं. पण निरोप घेऊन जाणारा हळदीचा गाडीवान, तो वाटेत विसरला तर? नको. समक्षच बोलेन.

९ मे, शनिवार.
पेटी भरली. कोट, फेटा, डिक्शनरी. पेटी उघडून डिक्शनरी आहे का पाहिली. पुन्हा पाहिली. आई म्हणाली, नवरीला असं जपलंस तर पुष्कळ झालं.
उद्या दुपारच्या गाडीनं वऱ्हाड निघणार. उद्या तिकडे हळद. सोनाजी वसमत स्टेशनवर बैलगाड्या पाठवणार आहेत. सगळा इंतजाम पक्का. मी मामांना बजावलं की तिकिटं मी काढीन. पंचवीस माणसांसमोर नवरदेवानं खिडकीवर इंग्रजीत बोलणं चांगलं दिसेल. सोनाजींच्या कानापर्यंत जाईल.

१० मे, रविवार. हिंगोली स्टेशन. दुपार.
गाडी गेली.
माझा यात काही दोष नाही, तो कुणाचा हे लिहून ठेवतो. मी खिडकीवर जाऊन तिकीटबाबूला व्यवस्थित इंग्रजीत सांगितलं की, मॅट्रिमोनियल प्रोसेशनच्या कन्व्हेयन्सचं ऑर्गनायझेशन पाहिजे. बाबू हैदराबादचा. म्हणाला, "मियाँ, जाना किधर है?" मी तेच पुन्हा म्हणालो, सावकाश. बाबूला वाटलं मला रेल्वेविरुद्ध तक्रार करायची आहे. तो म्हणाला, शिकायत बड़े साब के पास. मागून मामा ओरडत होते, "आरं वसमत म्हन की! नुस्तं वसमत म्हन!" पण एकदा इंग्रजीत सुरू केल्यावर मध्येच वसमत म्हणणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते जेवत होते. ते हात धुऊन येईपर्यंत गाडीनं शिटी दिली.
मामा म्हणाले, बिनतिकिटाचे चढू. मी अडवलं. उद्याच्या जावयानं असं करू नये.
सगळे झाडाखाली बसले आहेत. आई बोलत नाही. दगडोबा वऱ्हाडात आला आहे, तो मात्र बोलतो. "नवरदेवाला येतं सगळं, फक्त गाव सांगता येत न्हाई."

तोच दिवस. थोड्या वेळानं.
उपाय सापडला. मुहूर्त उद्या गोरज आहे. उद्याच्या गाडीनं निघालो तरी दिवस मावळायच्या आत पोचू. मामा म्हणाले, "उद्या येतो म्हनून खबर दे, न्हाईतर तिकडं जीव टांगणीला लागंल." स्टेशनवर तारयंत्र आहे. तार करायची!
मामांना माहीत नसलेली एक गोष्ट मी तारबाबूकडून काढून घेतली. तारेला पैसे शब्दावर पडतात. शब्द लहान घ्या की लांब, भाव तोच. लोक इतकी वर्षं लहान लहान शब्द पाठवून स्वतःला फसवून घेत आहेत.
मी लिहिलेली तार: 'इनएव्हिटेबल पोस्टपोनमेंट. मॅट्रिमोनियल प्रोसेशन इमिनन्टली फॉर्थकमिंग. फेलिसिटेशन्स.' शेवटी माझं नाव घालणार होतो, पण इतक्या शब्दांशेजारी 'मुंजाजी' उघडं पडलं असतं. पाठवणारा कोण हे भाषेवरूनच कळेल. 'उद्या' हाही शब्द घातला नाही. त्याचं इंग्रजी टी मध्ये आहे, आणि तो तसाही किरकोळ शब्द.
तारबाबूनं दोनदा वाचली. म्हणाला, आसान लिखो भाई, देहात है. मी हसलो. त्याला सोनाजी माहीत नाहीत.
अक्षर न् अक्षर तपासलं. एकही चूक नाही. मन शांत झालं. म्हणजे होईल.

११ मे, सोमवार. वसमत स्टेशन. दुपार.
आलो. तिकिटं मामांनी काढली. मला खिडकीजवळ येऊ दिलं नाही.
बैलगाड्या दिसत नाहीत. तार मिळाली म्हणजे नव्यानं सजवत असतील. थाट करायला वेळ लागतो. मी पेटीवर बसून कोट घातला. ऊन फार.

तोच दिवस. दिवस कलताना. सोनाजींच्या गावची वेस, मारुतीचं देऊळ.
गाड्या आल्याच नाहीत. मामांनी सामानापुरती एक भाड्याची गाडी केली, बाकी सगळे चालत. दोन कोस. बाशिंग हातात धरावं लागलं.
आता देवळात थांबलो आहोत. रीत अशी की वऱ्हाड मारुतीपाशी थांबतं आणि मुलीकडचे वाजतगाजत न्यायला येतात. न बोलावता नवरदेवानं वेस ओलांडणं हलकं. मामा म्हणतात, जाऊ सरळ. मी म्हणालो, नाही. आपण इतकी मोठी तार केलेली माणसं.
एक बाई घागर घेऊन विहिरीकडे चालली होती. तिनं मला पाहिलं, घागर टाकली आणि गावाकडे पळाली. कोटाचा दरारा. पाच बटणं घेतली ते बरं केलं.

थोड्या वेळानं.
गावात डफडं वाजून राहिलं आहे. न्यायला निघाले असावेत.

थोड्या वेळानं.
डफडं जवळ येत नाही. एका जागीच वाजतं.

थोड्या वेळानं.
मंगलाष्टकं ऐकू येतात. गोरज झाली. नवरदेव इथे असताना मंगलाष्टकं कशी? तालीम करत असतील. सोनाजी सगळं पक्कं करणारा माणूस.
दगडोबानं चिलीम पेटवली आहे आणि तो माझ्याकडे पाहत नाही. मामा 'बघून येतो' म्हणून गावात गेले.

१२ मे, मंगळवार. सकाळ. सोनाजींचं गाव.
जे झालं ते लिहून काढतो. म्हणजे हात हलता राहील.
मामा परत आले आणि पायरीवर मटकन बसले. म्हणाले, "मुंजा, तू कालच मेलास की रं."
असं झालं. रविवारी गाड्या स्टेशनवरून रिकाम्या परतल्या, तरी संध्याकाळी सिंधूला हळद लागली. बायका गाणी म्हणत होत्या, तेवढ्यात वसमतेहून रेल्वेचा माणूस सायकलवर तार घेऊन आला. या गावात आजवर ज्या घरी तार आली त्या घरी कुणीतरी गेलेलं आहे. लिफाफा पाहूनच रडारड सुरू झाली. तरी सोनाजींनी धीर धरला. तीच तार घेऊन रात्रीच वसमतेला स्टेशनमास्तरांकडे गेले, कारण गावात इंग्रजी वाचणारं कुणी नाही. इंग्रजी वाचणारा त्याच दिवशी यायचा होता, तो मीच.
स्टेशनमास्तरांनी तार दिव्याजवळ धरली, खूप वेळ पाहिली. म्हणाले, पहिला शब्द मला येतो, 'जे टळत नाही ते.' पुढचं समजत नाही. पण हिंगोलीहून आली आहे, खाली नवरदेवाचं नाव नाही, आणि इतक्या मोठमोठ्या शब्दांत कुणी चांगली खबर देत नाही. मग त्यांनी टोपी काढली.
हळद लागलेली मुलगी बिनलग्नाची ठेवत नाहीत. लोक म्हणू लागले, नवरा खाल्ला, आता हिला कोण करतो? सिंधू रात्रभर चुलीजवळ बसून होती. सकाळी सत्यभामाबाईंनी रुसवा सोडला आणि मल्हारीला पुढे उभं केलं. म्हणाल्या, "माझं पोरगं जितं हाय. मुहूर्त तोच, मांडव तोच."
आम्ही मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. पोरं मला पाहून ओरडत पळाली. सोनाजी समोर आले, माझा हात धरला, दंड चाचपला, आणि रडू लागले. "जितं हाय वो! लेकरू जितं हाय!" मामा त्यांच्या अंगावर धावून जाणार होते, पण रडणाऱ्या माणसावर कसे धावणार?
सोनाजी कुणाला जाऊ देईनात. म्हणाले, दोन कोस चालून आलेलं वऱ्हाड उपाशी गेलं तर मला पाप लागेल. सत्यभामाबाई पत्रावळी मांडता मांडता म्हणाल्या, "बसा. कावळ्याची वाट बघावी लागली न्हाई, हेच नशीब." लोक हसले. आईसुद्धा हसली, मग पदर तोंडाला लावून रडली.
मला नवरा-नवरीच्या समोरच्या पंगतीत बसवलं. मल्हारी उठून माझ्याजवळ आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "दादा, राग मानू नगा. आमाला खबर तशीच लागली. पन तारेत व्हतं काय?"
सगळी पंगत थांबली. वाढणारेही थांबले. माझ्या मनात सातही शब्द स्पेलिंगसकट उभे राहिले. मी म्हणालो, "उद्या येतो."
सोनाजींनी कपाळावर हात मारला.
सिंधूनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं. म्हणाली, "येवढंच?" आणि जरा थांबून, "मग तसं कळवायचं की. मी थांबले असते."
मी कोटाची पाचही बटणं सोडली.
पान वाढलेलं होतं. जेवलो.